वॉर्डात रुजू होण्याआधी

अगं, आधी सांग, हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत ना? नसतील तर आजच सुरू कर. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लशीने रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडीची पातळी, बघून घे, १० च्या वर हवा. लस न घेतलेल्याला बाधित सुईतून हिपॅटायटिस बी ३० टक्क्यांपर्यंत होऊ शकतो, एचआयव्ही साधारण ०.३ टक्के. घाबरतात मात्र सगळे एचआयव्हीलाच!

सुईला टोपण परत लावायचं नाही. इंजेक्शन दिलं की दुसऱ्या हाताने टोपण शोधत बसू नकोस. हब कटर ट्रेसोबत बेडपाशीच ने, सुई तिथेच काप, सिरिंज लाल पिशवीत टाक. सुयांचा पांढरा डबा पाऊण भरला की बदलायचा. वरून दाबून जागा करणाऱ्या सीनियर भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात ग्लोव्हजमध्ये घामाची धार लागते. जोडी बदल, पण उघड्या हाताने रक्त काढू नकोस.

टोचलीच तर बोट पिळायचं नाही, चोखायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, बस. डोळ्यात रक्त उडालं तर नुसतं पाणी. लगेच इन्चार्ज सिस्टरला सांग, रजिस्टरला नोंद कर, स्वतःचं रक्तही तपासायला दे. पीईपीची, म्हणजे टोचल्यानंतर एचआयव्हीची लागण टाळायची गोळी शक्यतो दोन तासांत, ७२ तासांच्या आत तर हवीच. कोर्स २८ दिवसांचा. होटगी रोडच्या एखाद्या छोट्या हॉस्पिटलात असलीस आणि तिथे गोळ्या नसल्या, तर ड्युटी संपायची वाट बघू नकोस, रिक्षा करून सरळ सिव्हिल गाठ.