नागासाकीत एक दिवस : आधी उराकामी, मग बंदर

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत नोकरी करते. कंपनीच्या कामासाठी मला जपानमधील फुकुओका येथे जायचे असून तेथे एक दिवस मोकळा मिळणार आहे. तो नागासाकीत एकटीने फिरून घालवावा असे मनात आहे. परंतु अणुबॉम्बच्या स्मारकाखेरीज तेथे जुने काही उरलेच नसेल, असे घरच्यांना वाटते. हे खरे आहे का? मला जपानी येत नाही आणि मी शाकाहारी आहे. दिवसाची आखणी कशी करावी?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : घरच्यांचा हा समज अनेकांचा असतो, पण तो बरोबर नाही. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला तो शहराच्या उत्तरेकडील उराकामी खोऱ्यावर. मधल्या डोंगरांनी स्फोटाचा जोर पुष्कळसा अडवला, आणि म्हणूनच दक्षिणेकडील जुनी वस्ती, ओउरा चर्च, १६३४ सालचा दोन कमानींचा दगडी ‘चष्मा पूल’ हे सारे वाचले. खोऱ्यातील संहार मात्र भयंकर होता; त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४ हजार माणसे मृत्युमुखी पडली.

फुकुओकाच्या हाकाता स्थानकातून निघून, ताकेओ ओन्सेन स्थानकात समोरच्याच फलाटावर उभ्या असलेल्या शिनकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) बसले, की सुमारे दीड तासात नागासाकी येते. शहरात ट्राम उत्तम आहे. मागच्या दाराने चढावे आणि उतरताना पुढे चालकाजवळ भाडे द्यावे. भाषेवाचून काही अडत नाही. सुटी नाणी मात्र जवळ असू द्यावीत.

सकाळी प्रथम उराकामीला जावे, असा माझा आग्रह आहे. अणुबॉम्ब संग्रहालयाला पूर्ण लक्ष द्यावे लागते. दिवसभर फिरून दमल्यावर, गाडीच्या वेळेकडे डोळे लावून ते पाहणे योग्य नाही. तेथून उराकामीचे मोठे चर्च चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मूळची इमारत बॉम्बने कोसळली आणि १९५९ साली ती पुन्हा उभी राहिली. हे चर्च लक्षात ठेवावे, कारण त्याची कथा दुपारी बंदराजवळ पुढे सुरू होते.

त्यानंतर ट्रामने देजिमाला जावे. हे १६३६ साली समुद्रात भर घालून केलेले, पंख्याच्या आकाराचे कृत्रिम बेट होय. आधी ते पोर्तुगीजांसाठी होते. त्यांची हकालपट्टी झाल्यावर १६४१ पासून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांना तेथे ठेवण्यात आले. पुढची दोनशेहून अधिक वर्षे पाश्चात्त्यांना जपानशी व्यापार करण्यास हे एवढेच ठिकाण होते, आणि परवानगीशिवाय त्यांना पूल ओलांडून शहरात पाऊल टाकता येत नसे. आज भोवतालचा समुद्र बुजला आहे, पण वखारी आणि घरे जुन्या पद्धतीने पुन्हा बांधली आहेत. आपल्या वेंगुर्ल्यात ज्या कंपनीच्या वखारीचे अवशेष आहेत, तीच ही कंपनी. तिची जहाजे येथून जपानी तांबे भरून सुरतेपर्यंत आणत असत. धातूच्या धंद्यातील व्यक्तीने तरी येथे घाई करू नये.

पुढे इशिबाशी थांब्यावर उतरून तिरक्या लिफ्टने वर जावे आणि ग्लोव्हर उद्यानात वरच्या दाराने शिरावे. म्हणजे चढण टळते व सगळे उतरत पाहता येते. स्कॉटिश व्यापारी टॉमस ग्लोव्हर याचे १८६३ सालचे घर तेथे आहे. समोर मित्सुबिशीच्या जहाजबांधणी कारखान्यात १९०९ साली बसवलेली, १५० टन उचलणारी अजस्र क्रेन दिसते. त्याच कारखान्यातील ओतकामाचे लाकडी पॅटर्न (साच्यासाठीचे नमुने) बनवण्याची १८९८ सालची कार्यशाळा जागतिक वारशात समाविष्ट आहे. आत जाण्याची सोय असेल की नाही, ते आधी विचारून घ्यावे.

उद्यानाच्या खालच्या दाराजवळच ओउरा चर्च आहे. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना, मार्च १८६५ मध्ये, उराकामीचे काही गावकरी येथे आले आणि आपलीही श्रद्धा हीच असल्याचे त्यांनी फ्रेंच धर्मगुरूला हळूच सांगितले. दोन शतकांहून अधिक काळ, धर्मगुरूंवाचून, पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ती गुप्तपणे जपली होती. तुम्ही सकाळी पाहिलेले चर्च याच लोकांच्या वंशजांनी उभारले आणि त्यांच्याच वस्तीवर बॉम्ब पडला. ही संगती कळावी म्हणूनच दोन्ही भाग एकाच दिवशी पाहावेत, असे मी सांगतो.

जेवणाचे मात्र अवघड आहे. येथील प्रसिद्ध चाम्पोन शेवयांच्या रश्शात डुकराचे मांस आणि मासळी असते, साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बहुधा मासळीचा अर्क असतो आणि कास्तेला केकमध्ये अंडी असतात. ‘मांस, मासे आणि माशांचा अर्क चालत नाही’ हे वाक्य जपानीत लिहून घेऊन जवळ ठेवावे, आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी व भडंग सोबत असू द्यावे. उजेड उरला तरच परतताना चष्मा पूल पाहावा; इनासा डोंगरावरून रात्रीचे बंदर सुंदर दिसते, परंतु त्यासाठी हाकाताची शेवटची गाडी किती वाजता आहे, ते सकाळीच स्थानकावर पाहून ठेवावे.