बाल्कनीतल्या जास्वंदीवर येणाऱ्या शिंजिराचे फोटो काळेकुट्ट आणि हललेले येतात, काय करू?

काळेपणाचं कारण बहुतेक वेळा पाठीमागचं उजळ आकाश असतं. कॅमेरा त्या उजेडानुसार मोजमाप करतो आणि पक्षी अंधारात जातो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची कॅमेऱ्यातली सोय) +1 ते +1.7 करा, मागे गर्द पानं असतील तर उलट -0.3 पुरे.

पण खरी किमया प्रकाशाच्या दिशेत आहे. नर जांभळ्या शिंजिराची निळी-जांभळी झळाळी रंगद्रव्याची नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाची आहे. ऊन तुमच्या पाठीमागून त्याच्यावर पडलं की तो पेटल्यासारखा चमकतो. त्यानं मान जराशी वळवली की पुन्हा काळा! म्हणून सकाळी 7 ते 9 मध्ये कुंडी उन्हासमोर ठेवा आणि एका भेटीत 10-15 फोटो सलग घ्या.

हललेपणा टाळायला शटरचा वेग 1/1600 सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ 5.6, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो, कमाल 3200. फोकसचा एकच बिंदू, थेट डोळ्यावर. तो फुलात समोरून तोंड घालेलच असं नाही, पुष्कळदा देठाजवळ चोच खुपसून मध चोरतो. तेव्हा फुलाच्या बाजूनं कोन धरा.

पावसाळ्यानंतर नर फिका दिसला, गळ्यापासून पोटापर्यंत नुसता काळा पट्टा उरला, तर गोंधळू नका. तो विणीच्या हंगामाबाहेरचा पिसारा आहे, उन्हाळ्याच्या तोंडावर झळाळी परत येते.

वायरीवर लोंबतं घरटं असेल तर मात्र फ्लॅश नको, आडवी येणारी पानंही कापू नका. त्यांच्या आडोशानंच पिल्लं कावळ्यांपासून वाचतात.