आयशरवरून ट्रेलरवर जायचं आहे, हेवीच्या टेस्टची आणि ट्रेलरची तयारी कशी करू?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वय २३, गाव अंबड तालुक्यात, एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन्स तीन वर्षांचं, सध्या मोंढ्यातून चौदा फुटी आयशर चालवता. आता ट्रेलरवर जायचंय. आरटीओच्या टेस्टला काय बघतात, आणि टेस्ट पास झाली की ट्रेलर चालवता येईल का?

मी जालन्याहून न्हावा शेवा बंदराच्या लाइनला ट्रेलर चालवतो आणि नवी पोरंही हाताखाली तयार केली आहेत. म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. नाही येणार, भाऊ. टेस्ट पास होणं आणि ट्रेलर येणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींची तयारी वेगवेगळी करावी लागते. आपल्याकडं मी जिथं जिथं पाहिलं तिथं हेवीची टेस्ट ड्रायव्हिंग स्कूलच्या साध्या ट्रकवर होते. मागं चाळीस फुटी ट्रेलर जोडून कुणी तुमची परीक्षा घेत नाही. ती परीक्षा पुढं कुठल्या तरी कंपनीच्या गेटात, रात्री दोन वाजता, मागं चार गाड्या हॉर्न मारत असताना होते.

कागदांचं लवकर उरकतो. ट्रान्सपोर्ट गाडीच्या शिकाऊ लायसन्ससाठी वय २० पूर्ण आणि एलएमव्ही लायसन्सला किमान एक वर्ष झालेलं लागतं. तुमचं दोन्ही झालेलं आहे. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळं शिक्षण कमी आहे म्हणून कुणी एजंट जास्त पैसे मागत असेल तर ऐकू नका. डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो. ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे शिकल्याचा दाखला, लागतो. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते निघाल्यावर ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. अर्ज 'सारथी' पोर्टलवरून होतो. हेवीचं शिक्षण नियमाप्रमाणं किमान ३० दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी हातात किमान १५ तास, असं आहे. पैसे भरताना हे १५ तास स्पष्ट बोलून घ्या. नुसता फॉर्म ५ हातात देणारी शाळा स्वस्त पडते, पण तुम्हाला तो कागद नकोय, ते तास हवेत.

तुमच्या आयशरचंही सांगून ठेवतो. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलंय. आरसी बुक काढून वजन बघा. साडेसात हजारांच्या वर असेल तर हेवी लायसन्स हातात येईपर्यंत ती गाडी चालवू नका. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी लायसन्सचा वर्ग बघते.

आता टेस्ट. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १५ व्या नियमात टेस्टला काय काय बघायचं ते सगळं लिहिलेलं आहे. आरसा लावून घेणं, गाडी धक्का न देता उचलणं आणि टॉप गिअरपर्यंत नेणं, उतारावर पटकन खालच्या गिअरमध्ये येणं, चढावर थांबून मागं न घसरता परत उचलणं, अरुंद जागेत डावी-उजवीकडं रिव्हर्स घेणं, पुढं-मागं करून गाडीचं तोंड फिरवणं. इन्स्पेक्टर यातलं सगळं बघेल असं नाही, पण तयारी सगळ्याची ठेवा. पोरं नापास होतात ती बहुतेक चढावर आणि रिव्हर्सला. चढावर हँडब्रेक सोडायची घाई करू नका. क्लच चावला, इंजिनचा आवाज बसला, गाडी पुढं झुकली की मगच सोडा. आयशरवर तुम्ही पायानं सांभाळून घेत असाल, ती सवय मोठ्या गाडीत चालत नाही. तीनदा नापास झालात तर पुढच्या प्रयत्नाआधी ६० दिवस थांबावं लागतं, म्हणून कच्च्या तयारीनं जाऊ नका.

एवढं झालं की लायसन्स येईल. ट्रेलर इथून सुरू होतो.

साधा ट्रक एक अंग आहे, ट्रेलर दोन. पुढं हॉर्स, म्हणजे इंजिन-केबिनचा ओढणारा भाग, मागं ट्रेलर, आणि मध्ये हॉर्सच्या पाठीवरच्या फिफ्थ व्हील नावाच्या चकतीत बसलेली ट्रेलरखालची एक पिन, किंगपिन. २२ चाकी गाडी भरून एकूण ५५ टनांपर्यंत चालते (२०१८ च्या आधी ही मर्यादा ४९ टन होती), आणि हे सगळं वजन त्या मनगटाएवढ्या पिनेमागं ओढलं जातं. म्हणून रस्त्यावर जायच्या आधी दोन कामं मोकळ्या जागेत पक्की करा: रिकामा ट्रेलर मागं घेणं आणि ट्रेलर जोडणं-सोडणं.

मागं घेण्याचा सराव गावातूनच सुरू करता येतो. दोन चाकांची ट्रॉली आणि ट्रॅक्टर तुमच्या भागात कुणाकडंही मिळेल. चार चाकांची नको, तिचं पुढचं चाक वेगळं फिरतं आणि हात बिघडतो. दोनचाकी ट्रॉली आणि ट्रेलर एकाच नियमानं मागं जातात. ट्रॉली आखूड असल्यानं पटकन वळते, ट्रेलर उशिरा वळतो. शेताच्या बांधावर ट्रॉली सरळ रेषेत मागं नेता आली की अर्धं काम झालं म्हणा.

नियम असा की स्टेअरिंग डावीकडं काटलं की ट्रेलरचं शेपूट उजवीकडं जातं. डोक्यात उलटसुलट होत असेल तर हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. खालचा हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला शेपूट जाईल. पण खरी गोष्ट पुढं आहे. शेपूट वळायला लागलं की स्टेअरिंग तसंच धरून ठेवायचं नाही. लगेच उलटं काटून हॉर्स ट्रेलरच्या मागोमाग न्यायचा. उशीर केला की कोन वाढत जातो आणि हॉर्स ट्रेलरवर दुमडतो. केबिनचा कोपरा कंटेनरला भिडतो, हवेचे पाइप ताणले जातात. कोन हाताबाहेर चाललाय असं वाटलं की स्टेअरिंगशी झटू नका. थांबा, पुढं घ्या, सरळ करा, परत लावा. पुढं घेण्यात कमीपणा नाही. वीस-वीस वर्षं चालवणारे उस्तादही दोनदा पुढं घेतात.

रिव्हर्स नेहमी उजव्या बाजूनं, म्हणजे ड्रायव्हर साइडनं घ्यायची सवय लावा. उजव्या आरशात ट्रेलरची मागची चाकं शेवटपर्यंत दिसतात. डावीकडनं घेतलं की वळणात डाव्या आरशात नुसता कंटेनरचा पत्रा दिसतो, शेपूट दिसतच नाही. वाळूजला, शेंद्र्याला कंपन्यांचे जुने गेट असे आहेत की एक चक्कर मारून उजव्या बाजूनं आलात तर काम सोपं होतं. ती चक्कर मारा. आणि अंदाज येत नसेल तर हँडब्रेक ओढून खाली उतरा, मागं चालत जाऊन बघा. क्लीनर असला तरी बघा. क्लीनर आरशात दिसेनासा झाला की जागेवर थांबायचं, तो परत दिसेपर्यंत गाडी हलवायची नाही. हा नियम पहिल्या दिवशी त्याच्याशी बोलून ठेवा.

जोडण्याचं काम मी प्रत्येक पोराकडून तोंडपाठ करून घेतो, कारण यात हयगय झाली तर ट्रेलर रस्त्यात सुटतो. ट्रेलरच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. हॉर्स सरळ रेषेत मागं आणा आणि जवळ आल्यावर थांबून खाली उतरा. ट्रेलरची प्लेट फिफ्थ व्हीलच्या पातळीपेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे हॉर्स आत जाताना ट्रेलरला थोडा उचलून घेतो. ट्रेलर उंच राहिला तर किंगपिन फिफ्थ व्हीलच्या पिन पकडणाऱ्या जबड्यावरून पुढं जाते आणि ट्रेलर थेट केबिनच्या मागच्या बाजूला बसतो. उंची बरोबर असेल तर सावकाश मागं घ्या, 'खट्ट' आवाज येईल. त्या आवाजावर विश्वास ठेवू नका. पहिल्या गिअरमध्ये पुढं हलका हिसका देऊन बघा, मग बॅटरी घेऊन खाली वाका. जबडा किंगपिनच्या मानेभोवती पूर्ण मिटलेला दिसला पाहिजे आणि प्लेट व फिफ्थ व्हीलमध्ये फट दिसता कामा नये. हँडलचं लॉक लावा. मग हवेचे दोन्ही पाइप, लाइटची केबल, आणि शेवटी लँडिंग लेग, म्हणजे सोडलेला ट्रेलर ज्यावर उभा राहतो ते पुढचे पाय, वर. पाय पूर्ण वर गेले का ते बघा. अर्धवट राहिलेले पाय पहिल्याच मोठ्या गतिरोधकावर वाकतात.

सोडताना आपल्याकडची एक गोष्ट लक्षात ठेवा: काळी माती. पावसाळ्यात ढाब्यामागं, प्लॉटवर, कुठंही भरलेला ट्रेलर सोडला तर लँडिंग लेग मातीत रुततात. रात्री सरळ उभा केलेला ट्रेलर सकाळी नाकावर झुकलेला असतो आणि मग क्रेन बोलवावी लागते. पायाखाली जाड फळ्या टाका, नाहीतर काँक्रीट शोधा. चालत्या गाडीचंही तेच. डांबर सोडून साइडपट्टीवर उतरताना आपण हॉर्सच्या चाकांकडं बघतो, पण भार मागच्या तीन एक्सलवर असतो. हॉर्स निघून जातो आणि ट्रेलर बसतो.

ब्रेकच्या हवेबद्दल दोन शब्द. गाडी सुरू करून लगेच निघू नका. बझर थांबू द्या, काटा आठ किलोच्या आसपास येऊ द्या, मग खाली उतरून पाइपांच्या जोडाशी कान लावून फुस्स आवाज येतोय का ते ऐका. हवा कमी झाली की मागचे ब्रेक आपोआप लागतात. ती सुरक्षा आहे, पण ओल्या रस्त्यावर वळणात लागले तर ट्रेलर ओढून नेतो. घाटात, मग तो मांजरसुंब्याचा छोटा असो की मुंबईकडं उतरतानाचा कसारा, वरच्या सपाटीवरच गिअर पाडून घ्या आणि एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक) उतरा. निम्म्यात गिअर पाडायला गेलात आणि पडला नाही तर हातात न्यूट्रल गाडी राहते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणारे तुम्हाला भेटतील, तेच कसे हुशार ते सांगतील. त्यांच्या गाडीत बसू नका. ब्रेक ड्रम तापला की पाय कितीही दाबा, पकड येत नाही.

वळताना ट्रेलरची मागची चाकं हॉर्सच्या चाकोरीतून जात नाहीत, आत कापतात. म्हणून डावं वळण घेताना थोडं उजवीकडं जाऊन घ्यावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच डाव्या बाजूला जागा मोकळी दिसते म्हणून मोटरसायकलवाला आत शिरतो. जालन्यात, बीडमध्ये, परभणीत, कुठल्याही चौकात हेच. इंडिकेटर आधीपासून द्या, वळण सुरू झाल्यावरही डाव्या आरशाकडं परत परत बघा, तिथं कुणी दिसलं तर वळणाच्या मध्यात का होईना, थांबा. मागचे ओरडू देत. या एका गोष्टीबद्दल मी पोरांवर चिडतो, कारण तिथं जीव जातो आणि तो दुसऱ्याचा असतो.

ऊसतोडीच्या हंगामात रात्रीची ड्युटी असेल तर वेग आणखी उतरवा. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस दोन्हीकडून बाहेर आलेला. तुमच्या हेडलाइटमध्ये तो दिसतो तेव्हा भरलेल्या ट्रेलरला थांबायला लागणारं अंतर उरलेलं नसतं. समृद्धीवर हे धोके नाहीत, पण तिथं सरळ रस्त्यावर डोळा लागतो. झोप आली की गाडी लेनमध्ये किंवा कडेला उभी करू नका, पंपाच्या जागी आत घेऊन झोपा. शेठला फोन करून सांगा की उशीर होईल. जो शेठ यावर शिव्या देतो त्याची गाडी सोडा, ट्रेलरला ड्रायव्हर मिळत नाहीत ही आजची स्थिती आहे.

शिकायला कुठं जायचं? टेस्टपुरतं जवळचं चांगलं स्कूल पुरे. रीतसर प्रशिक्षण हवं असेल आणि पुण्याला राहता येत असेल तर भोसरीच्या सीआयआरटीत (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट) चौकशी करा. ट्रेलरसाठी मात्र उस्तादच लागतो. लायसन्स आल्यावर काही महिने कुणाच्या तरी शेजारी बसून जा, पगार कमी मिळाला तरी. उस्ताद निवडताना तो किती वर्षं चालवतो ते विचारू नका. त्याच्या गाडीचे आरसे आणि टायर बघा, आणि तो निघण्याआधी गाडीभोवती चक्कर मारतो का ते बघा.

आणि एकटं जायची वेळ येईल तेव्हा पहिला लोड कंटेनरचा घ्या, सळईचा नको. कंटेनर चार कोपऱ्यांना ट्विस्ट लॉकनं बसतो. चारही लॉक फिरवलेत हे हातानं बघितलं की माल जागेवर राहतो. जालन्याच्या सळईचे बारा-बारा मीटरचे गठ्ठे असतात. जोरात ब्रेक मारला तर ते पुढं सरकतात आणि पुढं तुमची केबिन आहे. गठ्ठे कसे लावायचे, साखळ्या कुठं किती टाकायच्या, वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून त्या परत का आवळायच्या, हे कुणाकडून तरी दोन-चार भाड्यांत शिकून घ्या. तोवर मालकानं कितीही गळ घातली तरी सळईला नाही म्हणा.