घरी बांधलेल्या गाडीतून लांबचा प्रवास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो. सुट्या भागांचा संच विकत घेऊन त्याने घरच्या गॅरेजमध्ये दोन आसनी, उघडी स्पोर्ट्‌स कार बांधली आहे आणि मित्रासह तो लँड्स एंड ते जॉन ओ'ग्रोट्स असा साऱ्या ब्रिटनचा प्रवास करणार आहे. गाडीला दारे नाहीत हे ऐकल्यापासून माझ्या बहिणीची झोप उडाली आहे. असा प्रवास कितपत सुरक्षित असतो?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या भगिनींना प्रथम हे सांगावे की, तिकडे हा पोरखेळ मानला जात नाही. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ ही हलकी गाडी आणली आणि ती सुट्या भागांच्या रूपातही विकली. कारण त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर जो खरेदी कर लागे, तो अशा संचावर लागत नसे. १९७३ साली त्या कराची जागा मूल्यवर्धित कराने घेतली, ही पळवाट बुजली आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. तरीही घरी गाडी बांधण्याचा नाद काही सुटला नाही. आज अशी गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी सरकारी तपासनीस ती एकटी गाडी तपासतो. ब्रेक, सीट बेल्टचे आधार, दिवे, धूर आणि आवाज यांबरोबरच, पादचाऱ्याला लागेल अशी धारदार कडा बाहेर राहिली आहे का, हेही तो पाहतो.

मात्र ही चाचणी गाडी रस्त्यालायक आहे एवढेच सांगते. सुमारे १,४०० किलोमीटर सलग धावण्याची तिची तयारी आहे की नाही, हे बांधणाऱ्यानेच ठरवायचे असते. लोकांना भीती वाटते ती वेगाची. माझ्या मते अशा गाडीची खरी परीक्षा वाहतूक खोळंबते तेव्हा होते. गाडी धावत असताना समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो, पण ती उभी राहिली की सारी भिस्त विजेच्या पंख्यावर येते, आणि नेमके त्याच वेळी पाण्याच्या नळ्यांत अडकलेली हवा त्रास देऊ लागते. म्हणून निघण्यापूर्वी भाच्याने गाडी जागेवरच अर्धा तास चालू ठेवावी आणि पंखा आपोआप सुरू होऊन पुन्हा बंद होतो का, हे स्वतः उभे राहून पाहावे.

विजेच्या बाबतीत एक बारकावा नवख्यांच्या लक्षात येत नाही. कारखान्यातील गाडीत पत्र्याची बॉडीच अर्थिंगचे, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेण्याचे, काम करते. फायबरच्या बॉडीतून मात्र वीज वाहत नाही आणि चासीवर रंगाचा जाड थर असतो. त्यामुळे अर्थची वायर बोल्टखाली नुसती आवळली, तर दिवा आज लागतो आणि पावसात मिणमिणू लागतो. तेवढ्या जागेचा रंग खरवडून, खालचे चकचकीत लोखंड उघडे करून, त्यावर दातेरी वॉशर बसवावा आणि वरून ग्रीस लावावे. हे काम पाच मिनिटांचे आहे. रात्री अनोळखी रस्त्याच्या कडेला तोच दोष शोधायला किती वेळ लागेल, याचा नेम नाही.

नवी गाडी पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये जागा धरते आणि बोल्ट ढिले होतात. चाकांचे नट सुरुवातीच्या साठ-सत्तर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पान्याने (ठरावीक जोर दाखवणाऱ्या पान्याने) आवळावेत. स्टिअरिंग आणि सस्पेन्शनच्या प्रत्येक नटावर रंगाची आडवी रेघ ओढून ठेवावी, म्हणजे नट फिरला असल्यास रेघ तुटलेली दिसते आणि रोज सकाळची तपासणी नजरेनेच होते. ही गाडी जेमतेम पाचशे-सहाशे किलोची असल्यामुळे दोन माणसे आणि सामान मिळून तिच्या वजनात मोठी भर पडते. म्हणून जड पिशव्या मागच्या टोकाला न टांगता शक्य तितक्या आसनांजवळ ठेवाव्यात आणि दिव्यांचा झोत सामान भरल्यावरच जुळवावा.

आणखी एक कागद सोबत हवा. ब्रेक पॅड एका गाडीचे, वॉटर पंप दुसरीचा आणि बेअरिंग तिसरीचे असेल, तर ‘गाडी कोणती, मॉडेल कोणते?’ या दुकानदाराच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर राहत नाही. कोणता भाग कोणत्या गाडीचा व कोणत्या सालचा, याची यादी गाडीतच ठेवावी. दारांबद्दल म्हणाल, तर पावसात दोघेही भिजतील आणि वाऱ्याच्या आवाजाने कान बधिर होतील. तेव्हा इअरप्लग आणि कोरडे कपडे विसरू नयेत.

प्रश्न : आम्ही कोल्हापुरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहोत. पाइप वाकवण्यापासून वेल्डिंगपर्यंत सारे काम उद्यमनगरात होते. जुन्या मारुतीचे इंजिन बसवून अशी गाडी बांधली आणि आंबोलीमार्गे गोव्याला न्यायची म्हटली, तर तिचे पासिंग होईल का?
– चार मित्र, कोल्हापूर

उत्तर : होणार नाही. कारागिरीत आपण कमी पडणार नाही, अडते ते कागदावर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम १२६ नुसार उत्पादकाने नमुना गाडी पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. ही व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कंपन्यांसाठी आखलेली आहे. नोंदणी झालेल्या जुन्या गाडीवर नवा सांगाडा चढवण्याची वाटही कलम ५२ ने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ च्या निकालाने अडवली आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या कारागिराने भंगारातून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, तेव्हा आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले. पण ती नियमांत बसत नसल्याने तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, हे आपल्याला आठवत असेल. नियमामागचा हेतू योग्य आहे. परंतु एकट्या गाडीची परवडणारी चाचणी आपल्याकडे असू नये, ही मला उणीव वाटते.

आपण बाहा किंवा फॉर्म्युला भारत या विद्यार्थी स्पर्धांसाठी गाडी बांधावी. तेथे तपासणी कडक असते आणि गाडी टेम्पोत घालून नेता येते.

प्रश्न : भाच्याने तीच गाडी सुट्टीत कोल्हापूरला आणली, तर चालवता येईल का? (राजारामपुरीच्या वाचकांचाच दुसरा प्रश्न.)

उत्तर : होय. परदेशात रीतसर नोंदलेली गाडी ‘कार्ने’ या सीमाशुल्काच्या हमीपत्रावर तात्पुरती आणता येते. म्हणजे इंग्लंडच्या गॅरेजमध्ये बांधलेली गाडी रंकाळ्यावर पाहुणी म्हणून फिरेल आणि उद्यमनगरात बांधलेली मात्र टेम्पोतूनच जाईल, अशी ही गंमत आहे. पण कागद मिळाले तरी गतिरोधक आहेतच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि गाडी जाते त्या दिशेने रुंदी ३.७ मीटर असावी. गल्लोगल्ली दिसणारे उंचवटे याहून कितीतरी अरुंद आणि उभे असतात. या गाडीचे चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, जमिनीच्या फार जवळ असते. ते फुटले तर ऑइल वाहून जाते आणि इंजिन जाम होते. तेव्हा खाली जाड पत्र्याचा गार्ड बसवावा, आणि आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असल्याने इंधनाच्या रबरी नळ्या त्याला टिकणाऱ्या आहेत ना, याची खात्री गाडी जहाजावर चढवण्यापूर्वीच करून घ्यावी.