साइटला कळवलंत, की मुदत सुरू होते

(या सदरातली उत्तरं साताऱ्यात वकिली करणाऱ्या आमच्या सल्लागार देतात. पत्रलेखकांची नावं छापली जात नाहीत.)

प्रश्न : मॅडम, मी मिरजेत एका दवाखान्यात नोकरी करते. वय २६. माझं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. त्या काळात त्याने काढलेला माझा एक व्हिडिओ परदेशातल्या एका अश्लील साइटवर आलाय, असं मैत्रिणीनं सांगितलं. काढताना मी नको म्हटलं नव्हतं. घरी कुणाला माहीत नाही. साइट परदेशातली, मग आपला कायदा काय करणार? आणि पोलिसांत गेले तर मलाच विचारतील ना, काढू का दिलास म्हणून?

उत्तर : तुझ्याएवढी माझी भाची आहे, म्हणून अगंतुगं करते. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तोच तुला झोपू देत नसणार. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ सांगतं की बाईने चित्रण करू दिलं असलं, पण ते दुसऱ्यांना द्यायला तिची संमती नसली, तर ते पसरवणारा गुन्हेगार आहे. पहिल्या गुन्ह्याला किमान एक आणि कमाल तीन वर्षं कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७अ याहून कडक आहे : पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. यातलं काहीही तुझ्यावर येत नाही. कुणी तो प्रश्न विचारलाच, तर कलम ७७ पुढे कर.

आता साइटचं. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला साइट किती जबाबदार, हा वाद आपल्याकडे २००४ पासूनचा आहे. दिल्लीच्या शाळकरी मुलांची एक चित्रफीत बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या साइटवर कुणीतरी विकायला ठेवली आणि साइटचे प्रमुख अवनीश बजाज यांनाही अटक झाली. त्यानंतर २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा बदलला. त्याच्या कलम ७९ ने साइट्सना संरक्षण दिलं, पण अटींवर. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मजकूर काढायला साइटला भाग पाडायचं, तर न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश हवा. मतं-विचारांच्या बाबतीत हे योग्यच होतं. पण तुझ्यासारखीने आदेशासाठी महिनोन्‌महिने कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या का? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ते टाळलं. नग्नता, लैंगिक कृत्य किंवा चेहरा जोडून केलेलं खोटं चित्र असेल, तर स्वतः त्या व्यक्तीची तक्रार पुरते. तक्रार पोचल्यापासून दोन तासांच्या आत (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत चोवीस तासांची होती) ते काढण्याची पावलं साइटने उचलायचीच. नाही उचलली, तर कलम ७९ चं संरक्षण गेलं. ही तक्रार तुझ्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं. तुला लिहिणं जड जात असेल तर त्या मैत्रिणीला लिहू दे.

म्हणून आज रात्रीच हे कर. व्हिडिओच्या पानाचा पूर्ण पत्ता उतरवून घे. पान, टाकणाऱ्याचं खातं, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट ठेव. व्हिडिओ मात्र कुणालाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस, मलाही नाही. मग साइटच्या तक्रार फॉर्मवर आणि तक्रार अधिकाऱ्याच्या ईमेलवर लिही : हा व्हिडिओ माझा आहे, माझ्या संमतीशिवाय टाकलाय, २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या नियम ३(२)(ब) प्रमाणे काढा. त्या मुलाला मात्र फोन करून विनवू नकोस. माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलींनी आठवडेच्या आठवडे त्यातच घालवले. तेवढ्यात त्याने खातं बंद केलं, पुरावा गेला, आणि व्हिडिओ दुसऱ्याच साइटवर निघाला.

साइट परदेशातली असली तरी गुन्ह्यात भारतातला फोन किंवा कॉम्प्युटर वापरला गेला असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे आपला कायदा लागू होतो. मात्र भारतीय कायद्याच्या चिठ्ठीला दाद न देणाऱ्या साइट्स आहेत, हे लपवून ठेवत नाही. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यातलं कलम २३० साइट्सना आपल्या कलम ७९ पेक्षा कितीतरी मोकळं सोडतं. २०१८ मध्ये देहविक्रीच्या मजकुरापुरता त्याला अपवाद केला, पण तुझ्यासारख्या प्रकरणांना त्याचा काही उपयोग नव्हता. तिथे कायद्याआधी पैशाने काम केलं. डिसेंबर २०२० मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने पॉर्नहबवरचे व्यवहार थांबवले आणि त्या साइटने ओळख न पटलेल्यांनी टाकलेले लाखो व्हिडिओ हटवले. कायदा आला मे २०२५ मध्ये : संमतीशिवाय टाकलेलं चित्रण पीडितेने कळवल्यापासून ४८ तासांत काढायचं. साइट अमेरिकेतली असेल तर ईमेलमध्ये या ‘टेक इट डाउन’ कायद्याचाही उल्लेख कर. साइट बधलीच नाही तर सर्च इंजिनला लिही. शोधात पानच येत नसलं, की तिथवर पोचणारे फार थोडे उरतात.

‘स्टॉपएनसीआयआय’ नावाची मोफत सोयही आहे, अठरा वर्षांवरच्यांसाठी. मूळ व्हिडिओ तुझ्याकडे असेल तर त्यावरून तुझ्याच फोनवर एक आकडी खूण तयार होते. व्हिडिओ फोनबाहेर जात नाही. सामील झालेल्या कंपन्या त्या खुणेवरून तोच व्हिडिओ ओळखून अडवतात. फेसबुक-इन्स्टाग्राम त्यात आहेत.

पोलिसांकडे जाच. मिरजेच्या ठाण्यात ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असेल तर सांगलीत जा, कोल्हापुरात जा. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. कलम ७७ ची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, तसा आग्रह धर. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला-बालकांच्या विभागात नाव न देताही तक्रार करता येते, पण मग पाठपुरावा करता येत नाही, म्हणून मी नाव देऊनच करायला सांगते. वकिलाची फी हा प्रश्न नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचा पगार कितीही असो. वडिलांना सांगायचं की नाही हे तू ठरव. यातल्या कुठल्याच कागदावर त्यांची सही लागत नाही.

प्रश्न : मी कराडला विद्यानगरमध्ये होस्टेलवर राहतो. रात्री मोबाइलवर तसली साइट पाहत असताना स्क्रीन अडकली आणि पोलिसांच्या चिन्हासह ‘दंड भरा, नाहीतर अटक’ असा मजकूर आला. घरी पत्र जाईल का?

उत्तर : नाही जाणार, बाळा. ते पोलीस नव्हेत, चोर आहेत. आपले पोलीस स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवून दंड घेत नाहीत. ते पान बंद कर, पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन कर. प्रौढांचं चित्रण एकट्याने, खासगीत पाहणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितलं. दुसऱ्याला पाठवलंस, की कलम ६७ आणि ६७अ लागू. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांचं काही असेल तर सगळंच बदलतं. कलम ६७ब मध्ये ते शोधणं, पाहणं, उतरवून घेणं हाही गुन्हा आहे आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत कसलीच पळवाट ठेवलेली नाही. असं काही समोर आलं तर पुढे पाठवू नकोस, पोर्टलवर कळव.

प्रश्न : वडूजला आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, अ‍ॅडमिन मी. एकाने मध्यरात्री घाणेरडी क्लिप टाकली. आत मी जाणार का?

उत्तर : नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हेच ठरवलं : दोघांचा संगनमताचा बेत होता असं दिसत नसेल, तर सभासदाने टाकलेल्यासाठी अ‍ॅडमिनवर गुन्हा होत नाही. तरी क्लिप दिसताच सगळ्यांसाठी डिलीट करा आणि त्याला काढून टाका. बॅचमधल्या मुलीही त्या ग्रुपमध्ये असतील, त्यांचं काय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. क्लिप त्यांच्यापैकी कुणाची असेल, तर वर मिरजेच्या मुलीला सांगितलेलं सगळं तिला सांगा.

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलगा नववीत आहे. सरकार या साइट्स सरसकट बंदच का करत नाही?

उत्तर : करून पाहिलं, दादा. ३१ जुलै २०१५ ला ८५७ साइट्स बंद करायचा आदेश निघाला आणि आरडाओरडा होताच काही दिवसांत सैल झाला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ साइट्स बंद झाल्या. साइट्स नवे पत्ते घेऊन परत आल्या.

ब्रिटनने दुसरी वाट धरलीय. २५ जुलै २०२५ पासून तिथे पाहणाऱ्याचं वय तपासल्याशिवाय अशी साइट दाखवता येत नाही. अमेरिकेत टेक्सास राज्याचा तसाच कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जूनमध्ये योग्य ठरवला. जबाबदारी साइटवर टाकणं मला पटतं. ओळखपत्राची प्रत अशा साइटकडे जाणं मात्र मला धोक्याचं वाटतं. ती फुटली, तर कोण काय पाहतं याची यादी चोरांच्या हाती पडेल आणि वर कराडच्या मुलाला जो धाक दाखवला, तो हजारोंना दाखवता येईल. आपल्याकडे असा कायदा करायचाच झाला, तर वय तपासून झाल्यावर ओळखीची माहिती ठेवायची नाही, ही अट आधी हवी.

तोवर घरच्या वायफायवर आणि मुलाच्या फोनवर कुटुंबासाठीचं फिल्टर लावा. बाकी त्याच्याशी एकदा नीट बसून बोला, रागावून नको. वर्गातल्या एखाद्या मुलीचा फोटो बदलून कुणी पाठवला, तर तो पुढे ढकलणारा चौदा वर्षांचा मुलगाही बाल न्याय मंडळासमोर उभा राहू शकतो, हे त्याला तुमच्याकडून कळू द्या.