शहर सोडून कोरडवाहू भागातल्या लहान गावात राहायला आलोय. गावच्या कामात पडून स्वतःला घडवायचं आहे, सुरुवात कशी करू?

लगेच कुठल्या समितीत किंवा मंडळात शिरू नका. गावाला उपयोगी पडेल, नेमाने करावं लागेल आणि ज्यात तुमचं मत कुणी विचारणार नाही, असं एक काम धरा आणि वर्षभर सोडू नका. कोरडवाहू गावासाठी मी एकच काम सुचवेन: पाऊस आणि विहिरींची पाणीपातळी मोजणं.

पर्जन्यमापक मिळाला तर उत्तम, नाहीतर 10 सेंमी तोंडाचं नरसाळं, खाली दोन लिटरची बाटली आणि मोजपात्र एवढं पुरतं. अशा नरसाळ्यातून 78.5 मिली पाणी जमलं म्हणजे 10 मिमी पाऊस झाला. नरसाळ्याची कड उभी हवी, नाहीतर थेंब उडून बाहेर जातात. जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट तरी अंतर सोडा. गच्चीवर ठेवू नका, वाऱ्यामुळे तिथे पाऊस कमी भरतो. मोजणी रोज सकाळी 8:30 ला करा, हवामान खात्याचीही हीच वेळ आहे. कोरड्या दिवशी 0 लिहायचा. एखाद्या दिवशी राहून गेलं की अंदाजाने आकडा भरायचा मोह होतो. भरू नका, 'मोजला नाही' असंच लिहा. हे लिहिताना हात अडखळतो, पण वहीवर विश्वास त्या दोन शब्दांमुळेच बसतो.

विहिरी पाच पुरेत: ओढ्याकाठच्या दोन, मधल्या पट्ट्यातल्या दोन, माळावरची एक. मालकाला आधी घरी जाऊन विचारा. कठड्यावर रंगाने खूण करा आणि दर वेळी तिथूनच वजन बांधलेला टेप सोडा. कठडा नसेल तिथे एकट्याने जाऊ नका. मोटर सुरू व्हायच्या आधी मोजायचं हे सगळे सांगतात, पण चूक होते ती शेतीच्या विजेच्या पाळीमुळे, म्हणजे काही आठवडे वीज दिवसा आणि काही आठवडे रात्री मिळते त्यामुळे. वीज रात्रपाळीला असेल तर रात्रभर उपसा होतो आणि सकाळी पातळी उगाच खोल दिसते. म्हणून महिन्यातलं माप दिवसपाळीच्या आठवड्यात, सकाळीच घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. ते चार महिने तरी चुकवू नका.

विहिरीत डोकावणारा नवा माणूस दिसला की 'सर्व्हे आलाय, बोअर बंद करणार' अशी कुजबुज होतेच. खुलासे देत फिरण्यापेक्षा आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. विहिरीला मालकाचं नाव नको, क्रमांक द्या.

फळ्यासमोर कुणीतरी म्हणेल, "आमच्या मळ्यात तर याच्या दुप्पट पडला." वाद घालू नका. त्यांचं म्हणणं खरं असू शकतं, वळवाचा पाऊस दोन किलोमीटरवर पार वेगळा असतो. दुसरं नरसाळं त्यांच्याच मळ्यात बसवा आणि तिथली वहीही त्यांच्याच हाती द्या. माझ्या मते माणूस घडतो तो इथे. आपण सुरू केलेलं काम दुसऱ्याच्या अक्षरात पुढे जाताना बघणं अवघड असतं, आणि अक्षर सुधारून द्यायची इच्छा दाबणं त्याहून अवघड.

ग्रामसभा वर्षात किमान चार व्हाव्या लागतात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जे कमी असेल ते. मतदार यादीत नाव लावून घ्या, पण पहिल्या दोन सभांत फक्त ऐका. सभेत कोण बोलतं यापेक्षा सभेत गप्प बसून नंतर पारावर कोण बोलतं, याकडे जास्त लक्ष द्या.

अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव पावसाच्या मोजणीवरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं. तुम्ही मात्र पहिल्याच वर्षी ताळेबंद मांडायला जाऊ नका. 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. हा हिशेब 500 हेक्टर आणि 450 मिमीला लावला की 225 कोटी लिटर निघतात आणि पाणी मुबलक आहे असं वाटतं. त्यातलं बरंचसं वाहून जातं, आटतं. सभेत तो आकडा उच्चारलात तर नुकसानच होईल.

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तुलनेसाठी मागचं माप हाताशी असतं. तेव्हा ग्रामसभेत उभं राहून दोन मिनिटं बोला: विहीर क्रमांक 3 गेल्या ऑक्टोबरपेक्षा इतके फूट खाली आहे. एवढं सांगून खाली बसा. गहू घ्यायचा की हरभरा, ते ज्यांच्या विहिरी आहेत त्यांना बोलू द्या.