जांबोटीकडच्या बसमधले साडेतीन तास

“मॅडम, कमी खर्चाचं कॉलेज घेतलं म्हणून पोरीचं पुढं नुकसान हुईल काय?” सीईटीचा निकाल लागला की बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या खोलीत, जिथं मी प्रवेशाबद्दल सल्ला देते, हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. 2024च्या पावसाळ्यात तो जांबोटी भागातल्या एका शेतकऱ्यानं विचारला. सोबत मुलगी होती आणि पुण्यात नोकरी करणारे तिचे काका. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील मी बदलले आहेत.

कर्नाटक सीईटीच्या रँकवर तिला बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सची सरकारी कोट्यातली जागा मिळाली होती. काकांच्या मनात पुण्याचं एक खासगी कॉलेज होतं, मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर. बेळगावला घरातून जाऊन-येऊन करता येत होतं, शिवाय जून 2023पासून ‘शक्ती’ योजनेमुळं बायकांना सरकारी साध्या बसचं तिकीट पडत नाही. पुण्यासाठी मात्र वडील एक एकर गहाण टाकायला निघाले होते.

तिसरी वाट होती, पण ती बंद झाली होती. त्याची हळहळ मला अजून वाटते. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना तिकडच्या अभियांत्रिकी प्रवेशात महाराष्ट्राचेच उमेदवार धरतात. गाव सीमाभागातलं असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला जोडावा लागतो. हिचं गाव त्या यादीत होतं. पण त्यासाठी एमएचटी-सीईटी, म्हणजे महाराष्ट्राची वेगळी प्रवेश परीक्षा, द्यावी लागते, आणि घरात हे कुणाला ठाऊकच नव्हतं. कोल्हापूर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर, त्यापुढं सांगली. तिकडची चांगली कॉलेजं या मुलीनं निदान यादीत तरी घातली असती. ही माहिती बारावीच्या दिवाळीआधी घरात पोचायला हवी.

काकांनी पुण्याच्या कॉलेजचं रंगीत पत्रक टेबलावर ठेवलं. पहिल्याच पानावर सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा. तो एका मुलाचा. मी त्यांना दोन्ही कॉलेजांच्या संकेतस्थळावर एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीला, दिलेली माहिती उघडून दाखवली. त्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजला ती ठेवावी लागते. किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढं शिकायला गेले, आणि मधला पगार किती, म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमानं उभं केलं तर बरोबर मधोमध येणाऱ्याचा. पुण्याचा आकडा वरचढ होता, पण पत्रक वाचून वाटलं होतं तेवढा नाही. एनबीए या तांत्रिक अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं मानांकनही पाहिलं. ते कॉलेजला मिळत नाही, एकेका शाखेला मिळतं, म्हणून “कॉलेजला आहे” या उत्तरावर थांबू नये.

पुण्यात कंपन्या जवळ, ओळखी होतात, हे काकांचं म्हणणं मात्र खरंच होतं. ते मी नाकारलं नाही. फक्त हिशेब मांडला: सहा लाखांचं कर्ज 10 टक्क्यांनी धरलं तर वर्षाला 60 हजार व्याज, आणि शिक्षण चालू असतानाही ते साठत जातं.

मग मी दोघांना बाहेर बसवलं. मुलगी तोवर एक शब्द बोलली नव्हती. मी तिला कॉलेजबद्दल विचारलंच नाही. पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, दोन वर्षांतला एखादा साधा मंगळवार सांग म्हटलं.

“पाचला उठतो, मॅडम. बस वेळेवर येत नाही. पावसात तर कधी येतच नाही. जाऊन-येऊन, थांबून साडेतीन तास जातात. बसमध्ये पुस्तक उघडतो, पण डोळा लागतो. घरी गेल्यावर म्हशी, स्वयंपाक. अभ्यासाला बसेपर्यंत साडेनऊ.” जरा थांबून म्हणाली, “पुण्याचं नाव निघालं तेव्हा बरं वाटलं. बस सुटंल म्हणून. पुणं पाहिजे असं काय नाही मला.”

तिच्या परवानगीनं वडिलांना आत बोलावलं आणि कागदावर गुणाकार केला. साडेतीन गुणिले सहा. आठवड्याला 21 तास. ते बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिले. “तिकीट नाही म्हणून मी खर्चच धरला नव्हता की,” म्हणाले.

मी तिला बेळगावच्या त्या कॉलेजात एक अख्खा दिवस घालवून यायला सांगितलं. मेसमध्ये जेव, ग्रंथालय कधी बंद होतं बघ, प्रयोगशाळेत हात लावायला मिळतो का ते दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार. ती वहीत लिहून आली. ग्रंथालय रात्रीपर्यंत उघडं असतं, मेसची आमटी पातळ आहे, वर्गात सर मधेच कन्नडवर जातात पण विचारलं की इंग्रजीत सांगतात. कन्नडची भीती आपल्या मराठी शाळेतल्या मुलांना असतेच. कन्नड न येणाऱ्यांसाठी व्हीटीयूत, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात, ‘बळके कन्नड’ नावाचा छोटा विषय असतो, तो बोलण्यापुरता असतो. आणि संलग्न कॉलेजांची पदवी शेवटी मच्छेच्या व्हीटीयूचीच. सरकारी कोट्यातला आणि मॅनेजमेंटचा मुलगा एकाच बाकावर बसून तीच पदवी घेतो.

त्यांनी बेळगावची जागा पक्की केली, पण घरातून ये-जा करायची नाही असं ठरवून. उद्यमबागजवळ दोन मुलींसोबत खोली, शनिवारी बसनं घरी. खोली-मेसचा चार वर्षांचा खर्च पुण्याच्या निम्म्याहून कमी बसला. कर्ज चार लाखांच्या आत राहिलं, तेवढ्याला बँकेनं तारण मागितलं नाही, वडील सहकर्जदार झाले. शेत तसंच राहिलं. काकांनी शेवटच्या वर्षाच्या इंटर्नशिपला पुण्यात आपल्या घरी ठेवून घ्यायचं कबूल केलं.

पहिल्या सत्रात गणितात ती जेमतेम पास झाली. फोनवर रडली. दुसऱ्या सत्रात खोलीतल्या मुलीबरोबर बसून सुधारली.

गेल्या दिवाळीच्या आधी वडिलांचा फोन आला. धाकटा आता पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. “मॅडम, त्या महाराष्ट्राच्या सीईटीचा अर्ज कधी निघतोय? आणि मातृभाषेचा दाखला कुठं काढायचा?”